दुसरं ऑपरेशन कशासाठी?

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पहिलं ऑपरेशन ठरवावं लागत नाही, ते ठरूनच येतं. पोट फुगत चाललेलं असतं, दोन घासांत जेवण संपत असतं, सोनोग्राफीत गाठ आणि पाणी दिसलेलं असतं. डॉक्टर सांगतात, घरचे धावपळ करतात, सही होते आणि बाईला आत नेतात. विचार करायला कुणाला उसंत नसते, आणि ती नसली तरी फारसं बिघडत नाही, कारण त्या घडीला पुढची वाट बहुधा एकच असते. दुसऱ्या ऑपरेशनचं तसं नाही. तोवर केमो होऊन गेलेली असते, केस पुन्हा आलेले असतात, बाई बाजाराला जाऊ लागलेली असते, एखादी चतुर्थी नीट पार पडलेली असते. मग तपासणीत काहीतरी दिसतं आणि डॉक्टर म्हणतात, ‘पुन्हा ऑपरेशनचा विचार करता येईल.’ करावंच लागेल असं म्हणत नाहीत, करता येईल म्हणतात. तिथून घराची झोप उडते.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या घरांत मग एकच प्रश्न फिरू लागतो: ‘ऑपरेशन करूचा की नको?’ मुंबईचा भाऊ फोनवर सांगतो, करून टाका. शेजारीण सांगते, तिच्या नणंदेचं पोट दुसऱ्यांदा उघडलं आणि ती अंथरुणावरून उठलीच नाही. उत्तर प्रत्येकाजवळ तयार असतं. मला इथे सांगायचं आहे ते एवढंच, की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी विचारायचा प्रश्न असा: ‘ह्या ऑपरेशन कशाक?’ हे ऑपरेशन नेमकं कशासाठी करायचं? याचं उत्तर स्वच्छ मिळालं तर ‘करू की नको’चा गुंता बराचसा आपोआप सुटतो. ते मिळालं नाही तर होकारही आंधळा ठरतो आणि नकारही.

प्रश्न नीट मांडायला हवा, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आचऱ्याची गावपळण रामेश्वराच्या कौलाने ठरते, आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखही देवीच्या कौलाने ठरते. घरचे मोठे निर्णय घेण्याआधीही कित्येक जण देवळात जाऊन कौल लावतात. कौल उजवा येतो किंवा डावा, त्यापलीकडे काही सांगत नाही. म्हणून गाऱ्हाणं घालणारा जाणता माणूस आधी प्रश्न सुटा करून घेतो. एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबले तर उजवा कौल मिळूनही माणूस गोंधळलेलाच घरी येतो. दवाखान्यातही तेच होतं. ‘करू की नको’ असं विचारलं की ‘करा’ किंवा ‘नको’ एवढंच हाती येतं. ते कशाच्या जोरावर सांगितलं, हे कळत नाही.

‘कशासाठी’ हा प्रश्न याच आजारात इतका महत्त्वाचा का, हे समजायला त्या आजाराची चाल पाहावी लागते. अंडाशय पोटाच्या पोकळीत जवळजवळ उघडं असतं. तिथली पेशी सुटली की ती पोटातल्या पाण्याबरोबर फिरते आणि आतड्यांवर, पोटाच्या आतल्या अस्तरावर, आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या पडद्यावर, अगदी वर श्वासपटलाखाली जाऊन रुजते. सुरुवातीला दुखत नाही. पोट जड वाटणं, भूक मंदावणं, वारंवार लघवीला लागणं ही लक्षणं गॅस आणि वयाच्या नावावर खपून जातात. त्यामुळे बहुतेक बायकांचा आजार कळतो तोच तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात. अभिनेत्री आणि निर्मात्या स्मिता तळवलकर ऑगस्ट २०१४ मध्ये याच आजाराने गेल्या. तरी स्तनाच्या कॅन्सरबद्दल घरांत जेवढं बोललं जातं तेवढं याच्याबद्दल अजून बोललं जात नाही.

उपचाराचे खांब दोन. एक ऑपरेशन: गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, नळ्या, तो चरबीचा पडदा आणि डोळ्यांना दिसेल तो सगळा आजार काढणं. दुसरा केमो: बहुधा पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी, साधारण ६ वेळा. आजार फार पसरलेला असेल तर आधी ३ डोस देऊन तो आकसवतात, मग ऑपरेशन, मग उरलेले डोस. या आजाराचा आजवरचा सगळा अनुभव एका गोष्टीवर येऊन थांबतो. सर्जनने पोट बंद केलं तेव्हा आत डोळ्यांना दिसणारं काही उरलं होतं की नव्हतं, यावर पुढचं खूप काही अवलंबून असतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा लागणार आहे.

आता दुसऱ्या ऑपरेशनकडे येऊ. त्याचं नाव एक असलं तरी हेतू अनेक असतात, आणि हेतू बदलला की हिशेब बदलतो.

पहिला हेतू, अर्धवट राहिलेलं पुरं करणं. लहान गावांत असं घडतं. साधी गाठ म्हणून ती तालुक्याच्या ठिकाणी काढली जाते, सगळे निर्धास्त होतात, आणि आठ-दहा दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट कॅन्सर म्हणून येतो. गाठ तर निघाली, मग पुन्हा पोट कशाला उघडायचं, असं घरच्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण गाठ काढताना पोटाचा बाकीचा भाग कुणी शोधलेलाच नसतो. अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजार सुरुवातीच्याच टप्प्यात आहे असं समजल्या गेलेल्या १०० बायकांची नीट फेरतपासणी केली. त्यांतल्या ३१ जणींचा आजार प्रत्यक्षात पुढच्या टप्प्यात निघाला. म्हणजे इथे ‘कशासाठी’चं उत्तर ठोस आहे: आजार खरोखर किती आहे हे कळण्यासाठी आणि केमो लागणार की नाही हे ठरण्यासाठी. हे ऑपरेशन कॅन्सरच्या सर्जनकडेच व्हावं, आणि भीतीपोटी टाळू नये. आधी ३ डोस देऊन मग ठरलेल्या ऑपरेशनबद्दलही तेच. पोटातलं पाणी ओसरलं, जेवण जाऊ लागलं, बाईला बरं वाटू लागलं, की ‘आता कशाक चिरायचा?’ असं मन म्हणतं. पण ते वेगळं, दुसरं ऑपरेशन नव्हेच. एकाच उपचाराचा तो मधला भाग आहे.

दुसरा हेतू, नुसतं पाहणं. याचा इतिहास जरा सविस्तर सांगतो, कारण माझं म्हणणं त्यात सर्वांत स्पष्ट दिसतं. १९७०च्या दशकात या आजाराला मेलफॅलनसारखी औषधं महिनोन् महिने देत. ती फार दिवस दिली तर काही बायकांना रक्ताचा कॅन्सर होतो, हे त्याच दशकात उघड झालं. म्हणजे औषध थांबवायला तर हवं, पण आजार गेला की नाही हे कळल्याशिवाय थांबवायचं कसं? आजच्यासारखा सीटी स्कॅन तेव्हा सगळीकडे नव्हता, सीए-१२५ ही रक्ततपासणीही नव्हती. तेव्हा सर्जन उपचारानंतर पुन्हा पोट उघडून ठिकठिकाणचे तुकडे काढून तपासत. त्याला ‘सेकंड लुक’ म्हणत. त्या काळात त्या ऑपरेशनला कारण होतं: औषध थांबवायचं की नाही, हे त्यावर ठरत होतं.

मग काळ बदलला. सिस्प्लॅटिन आलं, डोसांची संख्या ठरून गेली, १९८१ साली सीए-१२५चा शोध लागला, स्कॅन सुधारले. औषध कधी थांबवायचं हा प्रश्न उरला नाही. तरीही पोट उघडून पाहणं पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं. आणि दिसलं काय? ज्यांच्या पोटात काहीच सापडलं नाही, त्यांच्यातल्याही जवळपास निम्म्या बायकांचा आजार पुढे परतला. ज्यांच्यात सापडलं, त्यांना ते आधी कळल्यामुळे जास्त आयुष्य मिळाल्याचं सिद्ध झालं नाही. शेवटी नेहमीच्या उपचारांतून हे ऑपरेशन बाद झालं. कारण संपून गेलं होतं, मागे सवय उरली होती. म्हणून आज कुणी ‘एकदा आत बघून घेऊ’ म्हणालं, तर हात जोडून विचारावं: बघितल्यावर तुम्ही वेगळं काय करणार? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर बाईचं पोट उघडायला तेवढं कारण पुरत नाही.

तिसरा हेतू सर्वांत अवघड, आणि घरोघरी ज्याच्यावरून रात्री जागवल्या जातात तो हाच. आजार परत आला आहे, तो काढण्यासाठी पुन्हा ऑपरेशन. केमो तर द्यायचीच असते. प्रश्न असतो तो केमोच्या आधी ऑपरेशन करावं का, हा. बरीच वर्षं याचं उत्तर ज्याच्या त्याच्या अनुभवावर होतं. गेल्या काही वर्षांत तीन मोठे अभ्यास झाले. तिन्हींमध्ये बायकांचे दोन गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले: एका गटाला ऑपरेशन आणि केमो, दुसऱ्याला नुसती केमो.

अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या पहिल्या अभ्यासाचे निकाल २०१९ साली आले. त्यात ४८५ बायका होत्या. ऑपरेशनच्या गटाचं मध्यक आयुष्य ५०.६ महिने भरलं, नुसत्या केमोच्या गटाचं ६४.७ महिने. म्हणजे ऑपरेशनने फायदा दिसला नाही. जर्मनीतून चाललेल्या दुसऱ्या अभ्यासाचे निकाल २०२१ साली आले. त्यात ४०७ बायका होत्या आणि उत्तर उलटं आलं: ऑपरेशनच्या गटात ५३.७ महिने, नुसत्या केमोत ४६. चीनमधल्या तिसऱ्या अभ्यासात ३५७ बायका होत्या. ऑपरेशनने आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा काळ ११.९ महिन्यांवरून १७.४ महिन्यांवर गेला, पण एकूण आयुष्यातला फरक ५८.१ आणि ५२.१ महिने इतकाच राहिला, आणि तो योगायोगाने आलेला नाही असं खात्रीने म्हणता आलं नाही. इथे एक सांगून ठेवतो. मध्यक म्हणजे निम्म्या बायका त्याच्या अलीकडे आणि निम्म्या पलीकडे. तो आकडा कुठल्याही एका बाईच्या कपाळावर लिहिलेला नसतो.

तीन अभ्यास, तीन सूर. मग घरच्यांनी कुणाचं ऐकायचं? इथे ‘कशासाठी’ विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑपरेशन कशासाठी, तर आजार पूर्ण काढण्यासाठी. मग खरा प्रश्न असा, की तो पूर्ण निघाला का, आणि कुणाचा निघणार हे आधी ओळखता येतं का? अमेरिकेच्या अभ्यासात बाई ऑपरेशनजोगी आहे की नाही हे सर्जनच्या अंदाजावर सोडलं होतं, आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी ६७ टक्क्यांत सगळं निघालं. शिवाय तिथल्या ८४ टक्के बायकांना बेव्हॅसिझुमॅब हे आणखी एक औषध मिळत होतं. जर्मन अभ्यासाने आधीच चाळण लावली. शेवटची केमो संपून निदान ६ महिने झालेले असावेत. बाई स्वतःची कामं स्वतः करणारी, हिंडती-फिरती असावी. पोटात पाणी अर्ध्या लिटरपेक्षा कमी असावं. आणि पहिल्या ऑपरेशनमध्ये आत काही उरलेलं नसावं. एवढं जुळलं तरच ती अभ्यासात आली. तिथे ऑपरेशन झालेल्या ७५.५ टक्के बायकांचं सगळं निघालं, आणि त्यांचं मध्यक आयुष्य ६१.९ महिन्यांपर्यंत गेलं. वर्षभरात जगण्याच्या प्रतीची जी मोजणी केली, तिच्यातही ऑपरेशनमुळे घट दिसली नाही.

पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट घराघरांत पोहोचायला हवी. ज्यांचं ऑपरेशन झालं पण आत काही उरलं, त्यांचं मध्यक आयुष्य सुमारे २८ महिनेच निघालं. नुसती केमो घेणाऱ्यांपेक्षाही हे कमी. त्यांचा आजार मुळातच जास्त हट्टी असणार, त्यामुळे सगळा दोष ऑपरेशनला देता येत नाही. तरी धडा स्पष्ट आहे. या टप्प्यावर ‘जेवढं निघेल तेवढं काढू’ याला अर्थ नाही. निघायचं तर सगळं निघायला हवं, तशी पक्की शक्यता नसेल तर पोट न उघडलेलं बरं. आपल्याकडे ‘थोडं तरी कमी होईल’ ही समजूत फार खोल आहे. इतर कामांत ती चालत असेलही, या ऑपरेशनात चालत नाही.

म्हणून दुसऱ्या ऑपरेशनचा विषय निघाला की बाईने किंवा तिच्या माणसाने डॉक्टरांना थेट विचारावं: ‘डॉक्टरांनू, सगळा निघतला काय?’ स्कॅनमध्ये आजार कितीकडे दिसतोय, एका-दोन ठिकाणी की पोटभर? आतड्याचा तुकडा काढावा लागेल का? पोटावर पिशवी येण्याची शक्यता किती, आणि ती कायमची की काही महिन्यांची? तुम्ही अशी ऑपरेशनं नेहमी करता का? हे विचारल्याने चांगला सर्जन रागावत नाही. तोही मनात हेच मोजत असतो.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. आपल्या बायका तपासणीला जातात तेव्हा हातात ती फुगलेली प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात सीटीच्या फिल्म असतात, रक्ताचे रिपोर्ट असतात, औषधांच्या पावत्या असतात, डिस्चार्ज कार्ड असतं. बहुधा एकच कागद नसतो: पहिल्या ऑपरेशनची सर्जनने लिहिलेली टिपणी. तिच्यात शेवटी एखाद्या ओळीत लिहिलेलं असतं, की पोट बंद करताना आजार दिसत नव्हता किंवा अमुक ठिकाणी अमुक आकाराचा राहिला. जर्मन अभ्यासाच्या चार अटींपैकी एक याच ओळीत आहे. तीन वर्षांनी परेलच्या टाटा रुग्णालयात बसलेल्या डॉक्टरला ती लागते, आणि तेव्हा ती शोधत कुणी हिंडायचं? ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात ती टिपणी आणि बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट मागून घ्यावा, मोबाइलवर फोटो काढून मुलाकडे आणि सुनेकडे पाठवून ठेवावा. बायोप्सीचे मेणाचे ठोकळे कुठे आहेत, हेही विचारून ठेवावं.

सीए-१२५च्या आकड्याबद्दलही इथेच बोलायला हवं, कारण घरं सर्वांत जास्त हादरतात ती त्या आकड्याने. ३५च्या आत म्हणजे ठीक, असं सगळ्यांना पाठ असतं. आकडा १८वरून २९वर गेला की बाईचं जेवण सुटतं. युरोपात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५२९ बायका होत्या. त्यांतल्या निम्म्यांना नुसता आकडा चढताच केमो सुरू केली आणि निम्म्यांना त्रास दिसू लागल्यावर. पहिल्या गटाचे उपचार जवळपास ५ महिने आधी सुरू झाले, पण आयुष्य दोन्ही गटांचं सारखंच भरलं. लवकर औषध घेणाऱ्यांच्या वाट्याला फक्त त्रास लवकर आला. म्हणजे चढता आकडा हा स्कॅन करायला कारण आहे, नुसत्या त्याच्यावरून ऑपरेशन ठरवायला नाही. स्कॅनमध्ये एक-दोन सुटी ठिकाणं दिसली, तर मघाची चाळण लावून विचार करावा. काहीच दिसलं नाही, तर थांबणं हाही विचारपूर्वक केलेला उपचार आहे.

चौथा हेतू, त्रास मोकळा करणं. आजार पसरून आतडं अडलं, उलट्या थांबेनात, तर ऑपरेशन करून वाट काढतात किंवा पोटावर पिशवी देतात. इथे आयुष्य वाढवण्याचा दावा नसतो. चार घास जावेत, उलटी थांबावी, घरी जाता यावं, हाच हेतू. आतडं एकाच ठिकाणी अडलं असेल तर त्याचा उपयोग होऊ शकतो. दहा ठिकाणी चिकटलं असेल तर ऑपरेशनच बाईला पेलत नाही, आणि मग औषधं, नाकातली नळी, सलाईन यांनी तिला आराम देणं हेच योग्य ठरतं. ते केलं म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले, असं समजू नये.

पाचवा हेतू बाईच्या पलीकडचा आहे: घरातल्या दुसऱ्या कुणाला हा आजार होऊच नये, म्हणून आधीच ऑपरेशन करणं. बीआरसीए नावाच्या जनुकातला बिघाड रक्तातून तपासता येतो. तो असेल तर आईला ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा उपयोग होण्याची शक्यता वाढते, म्हणून ही तपासणी तिची व्हायला हवी. आणि तो असेल तर बहिणी-मुलींचीही व्हायला हवी. बीआरसीए-१मध्ये बिघाड असलेल्या बाईला ८० वर्षांच्या वयापर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे ४४ टक्के आणि बीआरसीए-२मध्ये सुमारे १७ टक्के असतो, असं एका मोठ्या अभ्यासात आढळलं आहे. अशा मुलीला मूलबाळ झाल्यावर, पहिल्या प्रकारात ३५ ते ४० आणि दुसऱ्यात ४० ते ४५ या वयात अंडाशयं आणि नळ्या काढण्याचा सल्ला देतात. याच बिघाडाने स्तनाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो, पण आईला मात्र स्तनं काढण्याची घाई बहुतेकदा करत नाहीत, कारण पहिली काही वर्षं तिच्या जिवाला खरा धोका पोटातल्या आजाराचाच असतो. जनुक एकच, पण आईसाठी उत्तर वेगळं आणि मुलीसाठी वेगळं.

इथवर पाहिलं ते सगळं डॉक्टरांनी सांगायचं ‘कशासाठी’. त्याचा दुसरा अर्धा भाग बाईकडे असतो, आणि तो तिच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. समजा, देवबागची ४८ वर्षांची बाई आहे. घरी चार खोल्यांत पर्यटक उतरवते, धाकटी मुलगी बारावीला आहे. तिला तीन वर्षं हवी आहेत आणि त्यासाठी दोन महिने पडून राहायची तिची तयारी आहे. समजा, वायरीची ७२ वर्षांची आजी आहे. पहिल्या केमोपासून तिच्या बोटांना मुंग्या आहेत. विळीवर मासळी कापताना बोट कुठे आणि पातं कुठे हे कळत नाही, म्हणून सुनेने तिच्या हातून विळी काढून घेतली आहे. ती म्हणते, ‘माझा मन होणा नाय आता.’ दोघींचा स्कॅन सारखा असला तरी दोघींचं उत्तर सारखं असायची गरज नाही. पहिलीचा होकार जेवढा विचारपूर्वक, तेवढाच दुसरीचा नकार.

पण तिला विचारतो कोण? आपल्याकडे घोव, दीर, मुलगा आणि मुंबईचा मामा मिळून ठरवतात. बाईला सांगतात, ‘लहानशी गाठ आसा, काढून टाकतले.’ हे मायेपोटी होतं, हे मला मान्य आहे. तरी ते थांबायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेला एक निकाल याच अवयवांबद्दलचा आहे. दुर्बिणीतून तपासणी करायला बाईने संमती दिली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. बाई सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती, जिवावर बेतलेलं नव्हतं. न्यायालयाने सांगितलं की अशा वेळी आईची संमती चालत नाही, आणि तपासणीसाठी दिलेली संमती ही काढण्यासाठी दिलेली संमती होत नाही. ‘कशासाठी’ला कायद्यानेही एवढं वजन दिलं आहे. ज्या कारणासाठी बाईने हो म्हटलं, तो होकार तेवढ्याच कारणापुरता.

आता आपल्या जिल्ह्यातली परिस्थिती. ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रक्त, सोनोग्राफी, पोटातलं पाणी काढणं यांसाठी तिथे जाता येतं. पण दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णय घ्यायला अनेक जण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा परेलला टाटा रुग्णालयात जातात. तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरायचं, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर बघायचं, पहाटे परेलला रांग लावायची. एवढं करून गेल्यावर डॉक्टरांसमोर मिळणारी वेळ थोडीच असते. म्हणून प्रश्न घरी लिहून न्यावेत. सर्जन, केमोचे डॉक्टर आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर एकत्र बसून ज्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात, तिथे आपली केस गेली का, हे विचारावं. दुसरं मत हवं असेल तर टाटा रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्या जोडीने चालणाऱ्या ‘नव्या’ या सेवेकडे कागद ऑनलाइन पाठवता येतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो येतात. आपलं ऑपरेशन त्यात कसं बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्यावं, म्हणजे दागिने गहाण टाकायची घाई होत नाही.

वेळेचाही हिशेब मनमोकळेपणे मांडावा. ‘चतुर्थी होवंदे, मगे बघया’ असं आपण म्हणतो, आणि डॉक्टरांसमोर मात्र लाजून गप्प बसतो. विचारून टाकावं: तीन आठवडे थांबलं तर चालेल का? परतलेला आजार मोजकाच असेल आणि त्रास नसेल, तर दुसरं मत घेण्याइतका वेळ बहुधा असतो. आतडं अडलं असेल तर नसतो. पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा घरचा पुरुष सोबत राहू शकतो. ऑपरेशनानंतर सहा-आठ आठवडे बाईने मासळीची पाटी किंवा पाण्याची कळशी उचलायची नसते. घरची घडी कशी बसवायची हाही निर्णयाचाच भाग आहे, त्यात कमीपणा नाही.

शेवटी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, दोन्ही घरच्यांसाठी. बाईने ऑपरेशन नको म्हटलं तर ‘हिने हाय खाल्ली’ असं म्हणू नका. केमो आहे, गोळ्या आहेत, वेदना कमी करणारे उपचार आहेत, तिने उपचार सोडलेले नाहीत. आणि तिने हो म्हटलं, ऑपरेशन झालं, आणि तरीही आजार पुन्हा परतला, तर ‘उगाच चिरला’ असंही म्हणू नका. चांगला निर्णय घेऊनही आजार उलटू शकतो. तो निर्णय कसा होता, हे पुढच्या स्कॅनवर ठरत नाही. त्या दिवशी जे माहीत होतं ते सगळं तिच्यासमोर ठेवलं होतं का, सगळं निघेल का हे स्पष्ट विचारलं होतं का, आणि पुढचे दिवस तिला कशासाठी हवे आहेत हे तिच्या तोंडून ऐकलं होतं का, यावर ते ठरतं. एवढं झालं असेल, तर तिचा होकार असो की नकार, घरच्यांनी त्याच्या पाठीशी उभं राहावं.